आईच्या पाटल्या आणि नेपल्सचे तीन तास

या आठवड्याचं पत्र देवगड तालुक्यातून आलंय:

"काका, माझं वय २३. हॉटेल मॅनेजमेंटचा डिप्लोमा केलाय, दीड वर्ष पणजीच्या एका हॉटेलच्या किचनमध्ये आहे. मुंबईच्या एका एजंटकडून क्रूझवर गॅली युटिलिटीचं, म्हणजे बोटीच्या किचनमध्ये भांडी घासायचं काम मिळतंय. बोट भूमध्य समुद्रातली, कॉन्ट्रॅक्ट नऊ महिन्यांचं. तो दोन लाख मागतोय. अर्धे आत्ता, अर्धे व्हिसा झाल्यावर. आई पाटल्या गहाण ठेवायला तयार आहे, पण रात्री तिला झोप नाही. बातम्यांत बुडालेल्या बोटी बघते आणि 'काही झालं तर?' म्हणते. बाबा म्हणतात, एवढं शिकून भांडीच घासायची तर इथे काय कमी आहेत? मला मात्र जग बघायचंय. रोम, अथेन्स, बार्सिलोना. बोटीवरच्या पोरांचे फोटो बघतो. खरंच एवढं फिरायला मिळतं का, की दिवसभर खालीच असतात? जाऊ की नको?"

बाळा, आधी पैशांचं बोलू. रोम कुठे जात नाही, पण पाटल्या गेल्या की परत येतीलच असं नाही.

दोन लाख देऊ नकोस. दोन हजारही देऊ नकोस. बोटीवर नोकरी लावून देण्याबद्दल उमेदवाराकडून पैसे घेणं बेकायदा आहे. सागरी कामगारांच्या हक्कांचा एक आंतरराष्ट्रीय करार आहे, २००६ सालचा, मेरिटाइम लेबर कन्व्हेन्शन नावाचा. भारताने तो ऑक्टोबर २०१५ मध्ये स्वीकारला. नोकरी लावण्याचा खर्च कर्मचाऱ्यावर टाकायचा नाही, असं त्यात स्पष्ट लिहिलंय. तुझ्या खिशातून जायचं ते पासपोर्टचं, मेडिकलचं आणि सीडीसीचं, म्हणजे खलाशाच्या नोंदणीपुस्तकाचं. व्हिसाचा खर्चसुद्धा त्या करारानुसार जहाज कंपनीचा. म्हणून "अर्धे व्हिसा झाल्यावर" हे वाचलं आणि मी पत्र खाली ठेवून आधी तुला फोन करावा का, असा विचार केला. पण पत्रावर नंबर नाही.

भारतातून बोटींवर माणसं पाठवणाऱ्या एजन्सीला आरपीएसएल नावाचा परवाना लागतो. तो मुंबईचं नौवहन महासंचालनालय देतं, आपण सगळे ज्याला डीजी शिपिंग म्हणतो. परवान्याला नंबर असतो आणि परवाना असलेल्यांची यादी त्यांच्या वेबसाइटवर असते. एजंटला हा नंबर विचार. खरा असेल तर तो लगेच सांगेल. "आमचं मोठ्या ऑफिसशी टायअप आहे" असं म्हणाला, तर त्या मोठ्या ऑफिसचा नंबर माग आणि तिथे स्वतः जाऊन चौकशी कर.

हे मी इतक्या ठामपणे सांगतोय, कारण पुढे सतरा वर्षं बोटींवर काढली तरी त्याआधी, १९९९ साली, मी अशाच एका एजंटला चाळीस हजार रुपये दिले होते. बाबांनी कलमांच्या बागेवर दलालाकडून उचल घेतली होती. मी लालबागला गावमंडळाच्या खोलीत येऊन राहिलो. वीस-बावीस जण एका खोलीत, ट्रंकेवर ट्रंक, झोपायला पाळ्या. एजंट दर सोमवारी सांगायचा, पुढच्या आठवड्यात फ्लाइट. असे पाच महिने गेले. मग एका सोमवारी त्याच्या ऑफिसला कुलूप दिसलं. पुढची तीन वर्षं आमच्या बागेचा आंबा आम्ही विकला नाही, दलालाने विकला. बाबा मला एका शब्दाने बोलले नाहीत, आणि ते न बोलणं मला अजून आठवतं. तुझ्या आईची मोकळी मनगटं बघायची वेळ तुझ्यावर येऊ नये, एवढ्यासाठी सगळ्यात आधी हे लिहिलं.

परवाना खरा निघाला तर पुढचं काम सरळ आहे. एसटीसीडब्ल्यूचे, म्हणजे खलाशांच्या प्रशिक्षणाच्या आंतरराष्ट्रीय नियमांतले छोटे कोर्स करावे लागतात: समुद्रात जीव वाचवणं, आग विझवणं, प्रथमोपचार, स्वतःची आणि इतरांची जबाबदारी, जहाजाची सुरक्षा. प्रवासी बोटीसाठी गर्दी सांभाळण्याचंही शिक्षण लागतं. डीजी शिपिंगची मान्यता असलेल्या संस्थेतच कर आणि फी भरल्याची पावती जपून ठेव. किनाऱ्यावरचा असलास तरी लाइफ जॅकेट घालून उंचावरून पाण्यात उडी मारायचा सराव वेगळा असतो. तो मन लावून कर.

आता काम. वर प्रवाशांच्या मजल्यांवर गालिचे, काचेच्या लिफ्ट, संध्याकाळी पियानो. "कर्मचाऱ्यांसाठी" लिहिलेलं एक जड दार ढकललं की सगळं बदलतं. लोखंडी भिंतींना पांढरा रंग, छताखाली उघडे पाइप, आणि बोटीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जाणारा लांबच लांब रस्ता. बऱ्याच बोटींवर त्याला आय-९५ म्हणतात. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याने जाणाऱ्या हायवेवरून ते नाव पडलं. चादरींच्या ट्रॉल्या, बटाट्यांची पोती, रंगमंचावरच्या नर्तिका, तेलकट बॉयलर सूटमधले इंजिनवाले, सगळे त्याच रस्त्याने जातात. प्रवासी बदलायच्या दिवशी, म्हणजे आठवड्यातून एकदा, तिथे फोर्कलिफ्टचे हॉर्न, पॅलेटवर पॅलेट माल आणि पन्नास देशांच्या उच्चारांतलं इंग्रजी. पुढे मी प्रोव्हिजन स्टोअरला गेलो, तेव्हा तो दिवस माझा सणाचा असायचा. संध्याकाळपर्यंत बोटीच्या पोटात आठवड्याचा शिधा लावून झाला, की अंग मोडून जायचं, पण अख्ख्या गावजेवणाची तयारी आपल्या हातून झाली असं वाटायचं.

तुझी केबिन बहुधा पाण्याच्या पातळीला किंवा तिच्या खाली असेल. खिडकी नसते. दोघांत किंवा चौघांत एक खोली, एकावर एक बिछाना, आणि बिछान्याला पडदा. तो पडदा ओढला की तेवढंच तुझं घर. केबिन नाळेकडे, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाला असेल तर पहाटे बंदर जवळ आल्याचं घड्याळ सांगणार नाही, बो थ्रस्टर सांगेल. बोट धक्क्याला आडवी सरकवणारा तो पंखा सुरू झाला की पत्र्याच्या डब्यात दगड भरून हलवल्यासारखा आवाज येतो. पहिले पंधरा दिवस तू दचकून उठशील. नंतर तो आवाज नाही आला तर उठशील.

पॉट वॉशमध्ये तीन सिंक असतात. एकात धुवायचं, दुसऱ्यात विसळायचं, तिसऱ्यात निर्जंतुक करायचं. क्रम चुकवायचा नाही, आणि भांडं फडक्याने पुसायचं नाही, हवेवर वाळू द्यायचं. हे नियम कुणा शेफच्या लहरीचे नाहीत. अमेरिकेत जाणाऱ्या बोटींची तिथलं आरोग्य खातं न सांगता तपासणी करतं. १०० पैकी गुण देतात. ८५ किंवा त्याहून कमी म्हणजे नापास, आणि निकाल जाहीर होतो. थंड पदार्थ ५ अंशांच्या वर जाता कामा नये, गरम पदार्थ ५७ च्या खाली येता कामा नये. बोटीवरची माणसं याला नुसतं यूएसपीएच म्हणतात. उन्हाळ्यात भूमध्यात फिरणाऱ्या कितीतरी बोटी हिवाळ्यात कॅरिबियनकडे जातात, त्यामुळे नियम बारा महिने तेच. बोटीवर पोटाची साथ पसरली तर शेकडो माणसं आडवी होतात, हे मी पाहिलंय. तेव्हा बोट वाचवायला पॉट वॉशमधला माणूस कॅप्टनइतकाच लागतो.

सुट्टीचा वार नसतो. आठवड्याचे सातही दिवस, रोज दहा-अकरा तास धरून चाल, तेही तुकड्यांत. कायद्याची मर्यादा आहे: चोवीस तासांत किमान १० तास आणि सात दिवसांत किमान ७७ तास विश्रांती, किंवा ज्या देशाच्या बोटी विश्रांतीऐवजी कामाचे तास मोजतात, तिथे दिवसाला १४ आणि आठवड्याला ७२ तासांपेक्षा जास्त काम नाही. विश्रांतीचे दोनच तुकडे करता येतात आणि त्यातला एक सलग सहा तासांचा हवा. तासांची नोंद तुला सहीसाठी दाखवतात. सुपरवायझर म्हणेल, सगळ्यांनी केली, तूही कर. खोट्या तासांवर सही करू नकोस. उद्या थकव्यामुळे तुझा हात भाजला, तर तोच कागद तुझ्या विरोधात उभा राहतो.

बाबांचा प्रश्न मला मनापासून पटला, पण त्यांना वाटतं त्या कारणासाठी नाही. भांडी घासण्यात कमीपणा नाही. मी दोन कॉन्ट्रॅक्ट भांडी घासली आणि त्याच पैशांनी बाग सोडवली. आपल्या किनाऱ्याला हे नवंही नाही. ब्रिटिशांच्या स्टीमरांवर डेकवर रत्नागिरीकडचे खलाशी असायचे, आणि पँट्रीत, सलूनमध्ये गोव्याचे. मुंबईत धोबीतलावला गावागावांच्या कुडी, म्हणजे गावकऱ्यांच्या सामायिक खोल्या होत्या, तिथे राहून ती माणसं पुढच्या बोटीची वाट बघायची. सारंग, तांडेल, भंडारी हे शब्द आपल्याकडच्या घराघरांतले. बाबांना हे सांग.

पण डिप्लोमा आणि दीड वर्ष किचनचा अनुभव असताना युटिलिटी का? इथे मला एजंटची घाई दिसते. युटिलिटीच्या जागा पटकन भरता येतात. तू असिस्टंट कुक किंवा कॉमी थ्रीसाठी, म्हणजे स्वयंपाक्यांतल्या सुरुवातीच्या पदासाठी अर्ज कर. मुलाखतीत ते सुरी धरायला लावतील, सॉस विचारतील, ॲलर्जीचे पदार्थ विचारतील, थर्मामीटर कसा तपासतोस ते विचारतील. पणजीतल्या शेफकडून अनुभवाचं पत्र घे, त्यात कुठल्या सेक्शनला काम केलंस ते लिहून घे. एकदा युटिलिटी म्हणून चढलास की वर जाता येतं, मी गेलो, पण त्यात दोन-तीन वर्षं जातात. तुला ती घालवायची गरज नाही. बटाट्याच्या डोंगरासमोर उभं राहावं लागेलच, पण हातात काथ्या नसेल, सुरी असेल.

आता बंदरं. तुझा खरा प्रश्न तोच, आणि जग बघायचंय हे लिहिताना तू जरा लाजलायस असं मला वाटलं. लाजू नकोस. मीही त्यासाठीच गेलो होतो.

फिरायला मिळतं. पण दिवस मिळत नाहीत, तास मिळतात.

माझ्या पहिल्या वेळापत्रकात दर आठवड्याला "रोम" असायचं. बोट लागते ती रोमला नव्हे, चिवितावेक्कियाला. तिथून रोम रेल्वेने साधारण तासभर, शिवाय बंदरातून स्टेशन गाठायचं. माझी सुट्टी दोन ते पाच. पंचवीसेक वेळा रोमच्या दारात जाऊन मी रोम पाहिलं नाही. धक्क्यालगत एक जाडजूड किल्ला आहे, मायकेलअँजेलोच्या नावाचा. त्याच्या भिंतीच्या सावलीत बसून मी फोनकार्डावर घरी बोलायचो. तिथलं बंदर रोमन सम्राट ट्राजनच्या काळातलं, हे तर मला दुसऱ्या वर्षी कळलं. रोम पाहिलं तिसऱ्या कॉन्ट्रॅक्टला. एका फिलिपिनो मित्राने माझी दुपार घेतली, बदल्यात मी त्याचे दोन रविवार घेतले. कोलोसियमपाशी माझ्याकडे पन्नास मिनिटं होती. आत गेलो नाही. बाहेरून एक फेरी मारली, दगडाला हात लावला आणि स्टेशनकडे पळत सुटलो.

पण नेपल्स! नेपल्सला बोट शहराच्या पायरीशीच लागते. बाहेर पडलास की समोर कास्तेल नुओवो, काळपट बुरुजांचा किल्ला. तीन तासांत किल्ल्याला वळसा, जुन्या शहरातल्या अरुंद गल्ल्या, एक मार्गेरिता पिझ्झा, आणि परत. गल्लीवर आडव्या दोऱ्या, त्यावर वाळत घातलेले कपडे, कोपऱ्यावर भिंतीतल्या काचेच्या देव्हाऱ्यात मेरी, पुढे दिवा. पहिल्यांदा तिथे शिरलो तेव्हा मला गिरगाव आठवलं आणि मी रस्त्यातच थांबलो. त्या तीन तासांनी मला पुढचे चार महिने काढायला लावले.

म्हणून वेळापत्रक हातात आलं की शहरांची नावं वाचू नकोस, बोट कुठे लागते ते बघ. अथेन्स जमतं: पिरेयसहून मेट्रोची हिरवी लाइन थेट मोनास्तिराकीला नेते, वर बघितलं की ॲक्रोपोलिस. माल्टात वॅलेटा तर धक्क्याच्या डोक्यावरच आहे, तटाला लावलेल्या लिफ्टने वर बराक्का बागेत पोचतोस. दुपारी बारा वाजता तिथे तोफ उडते. तिथल्या लोकांची भाषा कान देऊन ऐक. लिपी रोमन, पण शब्द अरबीच्या घरातले. बार्सिलोनाला धक्का थोडा लांब, पण बस कोलंबसच्या पुतळ्यापाशी सोडते. फ्लोरेन्स मात्र लिव्होर्नोहून लांब, ते रोमसारखंच नशिबावर सोड. सांतोरिनीला धक्का नाही. बोट बाहेर उभी राहते आणि छोट्या बोटींनी माणसं नेतात, आधी प्रवासी, उरलेल्या जागेत आपण. मी तिथे कितीतरी वेळा गेलो, कड्यावरच्या गावात दोनदाच पोचलो.

मॉन्टेनेग्रोचं कोटोर वेळापत्रकात असेल तर झोप मोडून पहाटे कर्मचाऱ्यांच्या उघड्या डेकवर जा. दोन्ही बाजूंनी डोंगर जवळ येत जातात, पाणी तळ्यासारखं स्थिर, आणि एवढी मोठी बोट चोरपावलांनी आत शिरते. त्याला पास लागत नाही, पैसे लागत नाहीत. माझ्या सतरा वर्षांत मी पाहिलेली सगळ्यात सुंदर गोष्ट ती. पाहिली तेव्हा अंगावर पॉट वॉशचा ओला एप्रन होता.

आणि तू स्वयंपाकी आहेस, तेव्हा चर्च आणि पुतळे मागे राहिले तरी चालतील, बाजार सोडू नकोस. बार्सिलोनाची बोकेरिया, पालेर्मोचा बल्लारो. सिसिलीतच कातानियाला चर्चच्या चौकामागे मासळीबाजार आहे. तलवारमाशाची धडं, तारली, माकुल, ओल्या फरशा, ओरडणारे विक्रेते. देवगडच्या लिलावात वाढलेल्या मुलाला तिथे भाषा लागणार नाही. कुठला मासा कसा कापतात ते बघ, फोटो कमी काढ, वहीत लिही. माझ्या त्या वह्यांनी मला जेवढं शिकवलं, तेवढं कुठल्या कोर्सने नाही.

काही गोष्टी आधीच माहीत असू देत. प्रत्येक बंदरात ठराविक कर्मचाऱ्यांना बोटीवरच थांबावं लागतं. धक्क्याला असतानाही आग लागू शकते, म्हणून. याला पोर्ट मॅनिंग म्हणतात आणि पाळी लावलेली असते. तुझ्या पाळीला नेमकं अथेन्स आलं तर बदलून देणारा मित्र शोधायचा, आणि तो मिळावा म्हणून आधी आपण दुसऱ्याचं कंटाळवाणं बंदर घ्यायचं. रात्रपाळीच्या बेकरीवाल्यांना दिवस मोकळा असतो. सगळी बंदरं त्यांची, पण झोप कुणाचीच नाही. काही बंदरांत मी मुद्दाम झोपलो आणि ते योग्यच केलं. पासपोर्ट क्रू ऑफिसकडे असतो, बाहेर जाताना बोटीचं कार्ड चालतं. गँगवेवर ते कार्ड वाजवूनच उतरायचं, वाजवूनच चढायचं. आपली परतायची वेळ प्रवाशांच्या आधीची असते. उशीर झाला तर बोट थांबत नाही, आणि नोकरी जाऊ शकते. बंदरातल्या एजंटचा फोन नंबर कागदावर लिहून खिशात ठेव, फोनची बॅटरी नको तेव्हाच संपते.

बंदरांत खलाशांची केंद्रं असतात. मिशन टू सीफेअरर्स ही संस्था १८५६ पासून हे काम करते, स्टेला मारिस ही कॅथलिक लोकांची संस्था १९२० पासून. वायफाय, चहा, एक सोफा, कधी गावात सोडणारी गाडी. धर्म कुणी विचारत नाही. माझी आजी वारली तेव्हा मी अशाच एका केंद्रात बसलो होतो. तिथल्या म्हाताऱ्या बाईंनी काही न विचारता दार लोटून घेतलं आणि खोली मला एकट्याला दिली.

आता आईचं. तिला खोटा धीर देऊ नकोस. १३ जानेवारी २०१२ ला इटलीच्या जिल्यो बेटापाशी कोस्टा कॉन्कॉर्डिया ही क्रूझ खडकावर आपटली, ३२ माणसं गेली. तिच्यावर आपल्याकडची कितीतरी पोरं कामाला होती. सगळ्यात शेवटी ज्याचे अवशेष मिळाले, नोव्हेंबर २०१४ मध्ये, तो मुंबईकडचा वेटर होता. मी तेव्हा दुसऱ्या कंपनीच्या बोटीवर होतो. दुसऱ्या दिवशी ड्रिलला कुणी हसलं नाही, कुणी फोन बघितला नाही. त्यानंतर नियम बदलले. आता नवे प्रवासी चढले की बोट सुटण्याआधी किंवा सुटताक्षणी त्यांची ड्रिल झालीच पाहिजे. आईला सांग, की कर्मचाऱ्यांची ड्रिल वारंवार होते, आणि कुठल्या जागी उभं राहायचं, कुणाला कुठे न्यायचं हे तुला झोपेत विचारलं तरी सांगता येईल. तेवढी तयारी खरंच कर. ड्रिल नेपल्सच्या तीन तासांतला पाऊण तास खाते, पोरं वैतागतात. तू वैतागू नकोस.

तिला हेही सांग, की बोटीवर डॉक्टर असतो, कामावर असताना झालेल्या आजारपणाचा खर्च कंपनीचा, आणि कॉन्ट्रॅक्ट संपल्यावर घरी आणायचं तिकीटही कंपनीचं. सही केलेल्या कॉन्ट्रॅक्टची एक मूळ प्रत तुझ्याकडे राहिली पाहिजे. तिची झेरॉक्स आईच्या कपाटात ठेव. २०२० च्या साथीत हजारो कर्मचारी महिनोन्महिने बोटींवर अडकले होते, तेव्हा ज्यांच्या घरी कागद नीट होते त्यांच्या घरच्यांना निदान कुठे फोन करायचा ते माहीत होतं.

एक गोष्ट मात्र कुठल्या कायद्यात नाही. भूमध्याचा मोसम साधारण एप्रिल ते ऑक्टोबर. म्हणजे चवथ चुकणार. अलास्काची बोट मिळाली तरी तेच, तो मोसम मे ते सप्टेंबर. हिवाळ्यात कॅरिबियन घेतलंस तर शिमगा चुकेल. आम्ही बोटीवर गणपती करायचो. बेकरीतला सावंतवाडीचा एक गडी मिठाच्या कणकेची मूर्ती वळायचा, वीतभर, सोंड नेहमी थोडी जाड व्हायची. दीड दिवसाचा गणपती क्रू मेसच्या कोपऱ्यात. आरतीला गोव्याचे, केरळचे, दोन नेपाळी आणि कुतूहलाने आलेले इंडोनेशियन. पण विसर्जन समुद्रात करता यायचं नाही. बोटीवरून पाण्यात काही टाकण्यावर कडक बंदी आहे. खरकटंसुद्धा भूमध्यात बारीक दळून किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांच्या बाहेरच सोडतात. चहूकडे समुद्र असून आम्ही बेकरीतल्या मोठ्या पातेल्यात विसर्जन करायचो. त्या पातेल्याभोवती उभं राहिलेली मोठमोठी माणसं रडायची. मीही रडलोय. तुला ते सोसेल का, हे मला इथून सांगता येणार नाही. एकदा जाऊन बघायला हरकत नाही.

बँकेचं थोडक्यात: निघण्याआधी एनआरई खातं, म्हणजे परदेशातल्या कमाईसाठीचं खातं उघड. आर्थिक वर्षात भारतातले तुझे दिवस १८२ पेक्षा कमी भरले तर करात मोठा फरक पडतो, आणि ते दिवस सीडीसी आणि पासपोर्टवरच्या शिक्क्यांवरून मोजतात, म्हणून प्रत्येक शिक्क्याचा फोटो काढून ठेव. परदेशी बोटीवर प्रॉव्हिडंट फंड बहुधा कुणी कापत नाही, तो स्वतः कापायचा. पहिल्या वर्षी फोन, घड्याळ आणि बूट घेऊन आलेली पोरं मी पाहिलीत. दोन महिन्यांच्या बिनपगारी सुट्टीत तीच पोरं उसने मागायची.

तर, जा. माझं मत तेच आहे. पण या एजंटच्या घाईने नको, आणि शक्यतो काथ्या हातात घेऊन नको. तुझ्या वयाला सहा महिने इकडे-तिकडे झाल्याने काही बिघडत नाही. पणजीची नोकरी आत्ताच सोडू नकोस, तिथल्या शेफला मासे साफ करायचं आणि सॉसचं काम मागून घे.

सोमवारी एजंटला फोन कर आणि फक्त दोन गोष्टी विचार: आरपीएसएल नंबर काय, आणि पैशांची पावती कुठल्या नावाने देणार. काय उत्तर देतो ते मला कळव. या वेळी पत्रावर तुझा नंबर घाल. आणि आईला आजच सांग, पाटल्या हातातच राहू देत.